साडी नेसून खोल पाण्यात

लग्न होऊन रायपूरला आले त्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी घरातून सासूबाई गायब झाल्या. गुढियारीच्या बाजूला आमचं रेल्वेचं क्वार्टर होतं. सासरे यार्डात पॉइंट्समन, ड्यूटीवर गेलेले. नवरा झोपलेला. मी नवी सून, डोक्यावर पदर घेऊन सासू शोधायला निघाले. शेजारणीने हात करून दाखवलं, "तरिया मा हे." म्हणजे तलावात. मी तलावाच्या पचरीवर, त्या दगडी पायऱ्यांवर, जाऊन उभी राहिले आणि पाहिलं तर सासूबाई पाण्याच्या मधोमध उताण्या पडलेल्या, पोटावर एक भलामोठा हिरवा फुगा. पाय आरामात हलताहेत. बोंब मारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "चहा ठेव बाई. आलीच मी."

तो फुगा म्हणजे त्यांचा पदर. छातीभर पाण्यात उभं राहायचं, भिजलेला पदर दोन्ही हातांनी उंच पसरायचा आणि झपकन पाण्यावर आणायचा. आत हवा कोंडते. कडा एका मुठीत आवळल्या की ओलं कापड हवा सोडत नाही. तो फुगा पोटाशी धरून उताणं व्हायचं आणि पाय मारत सुटायचं. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या बायका अशाच पोहायच्या, आणि ही विद्या त्यांनीच सासूबाईंना दिली होती. वर्ध्याकडच्या त्यांच्या माहेरच्या गावात त्यांच्या आईला विहिरीपासून लांब उभं राहून कोणी घागरीत पाणी ओतेल याची वाट पाहावी लागे. पोहणं तर सोडाच. इथे रेल्वेपाऱ्यात सगळेच कुठून कुठून आलेले. कोण कुठल्या पचरीवरून उतरतं हे विचारायला कोणाला सवड नव्हती. सासूबाई उतरल्या आणि पुढची कित्येक वर्षं रोज उतरत राहिल्या.

मग आमचा तलाव सुंदर झाला. म्हणजे त्याला रेलिंग लागली, मधोमध रंगीत कारंजं आलं, फोटो काढायला बदामाच्या आकाराची एक लोखंडी चौकट आली आणि 'नहाना मना है' असा बोर्ड आला. सासूबाई एकदा जाऊन सगळं पाहून आल्या. त्यानंतर त्यांनी किराणा आणायचा रस्ताच बदलला. लांबून जायच्या, पण तलावाकडे पाहायच्या नाहीत.

यात भर पडली गुडघ्यांची. आता त्या घरात भिंत धरून चालतात. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचे ठरवले, दिवाळीनंतरची वेळही दिली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पाण्यात मले गुडघे नसतात. पाण्यात नेऊन पाह्य मले कोणी. पोट्टीसारखी चालीन."

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या पुरीच्या त्या हॉटेलात जे झालं ते लोक तात्यापाऱ्यापासून अभनपूरपर्यंत चुकीचं सांगत फिरतात. कोणी म्हणतं म्हातारी बुडाली होती. कोणी म्हणतं आम्हाला हॉटेलातून काढलं. मी तिथे होते. इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात गेली कित्येक वर्षं खाष्ट सासूची भूमिका मी करते, त्यामुळे मीठमसाला लावायची मला सवय आहे हे खरं. पण इथे लावायची गरजच पडली नाही.

तर झालं असं की नवरा रिटायर झाला. मालगाडीचा गार्ड होता, म्हणून घरात त्याला आम्ही गार्डसाहेबच म्हणतो. हैदराबादला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने बापाला भेट दिली, पुरीच्या समुद्रावर एका पंचतारांकित हॉटेलात दोन रात्री, तिघांसाठी. मोबाइलवर फोटो दाखवत होती. संगमरवर, झुंबर, उशांचे डोंगर, ताटाएवढी फुलं. सासूबाई 'हव, हव' करत बघत होत्या. एका फोटोवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे निळं काय आहे?"

"स्विमिंग पूल, आजी."

"खोल आहे?"

मुलगी मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "हां आजी, एक साइड से डीप है."

"मग मी येते," सासूबाई म्हणाल्या. त्याआधी आठवडाभर त्या 'मी घरीच बरी' म्हणत होत्या.

त्या रात्रीच त्यांनी दोन जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी पिशवीच्या तळाशी ठेवली. मला सांगितलं, "दवाखान्यात जायच्या आधी एक डाव खोल पाण्यात जायचं आहे मले. गार्डसाहेबाले सांगू नको. तो लाल झेंडी दाखवंल." मी सांगितलं नाही. मला असले कट फार आवडतात.

हॉटेलात पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की तिथे सगळे कुजबुजतात. आमच्या क्वार्टरमागून मालगाड्या जायच्या, त्यामुळे आमच्या घरात कोणाला हळू बोलता येत नाही. गार्डसाहेबांचा आवाज मात्र दारातच पडला. "धीरे बोलो, धीरे बोलो," असं माझ्याशी चक्क हिंदीत. आयुष्यभर माझ्याशी मराठीत भांडलेला माणूस. गळ्यात शिंपल्यांच्या माळा पडल्या, थंडगार सुगंधी टॉवेल हातात आला. सासूबाईंनी त्या टॉवेलने पाय पुसले आणि माळ घालणाऱ्या मुलीला विचारलं, "बेटी, पानी किधर है?" तिने पाण्याचा ग्लास आणला. सासूबाई म्हणाल्या, "वो नहीं. बडा पानी."

आधी आम्ही त्यांना समुद्र दाखवला. वाळूत दोघांनी दोन बाजूंनी धरून नेलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. एक लाट पायावर आली, दुसरी गुडघ्यावर आपटली.

"याले थांबता येत नाही काय?"

"समुद्र आहे आई, तो कसा थांबेल?" गार्डसाहेब म्हणाले.

"सारखं ढकलून राहिलं. माणसाले जागेवर उभं नाही राहू देत. चला परत."

समुद्राचा निकाल तिथे लागला. त्यानंतर दोन दिवस त्यांनी त्याच्याकडे पाठच केली. आम्ही मात्र खोलीचे पैसे समुद्र दिसतो म्हणून जास्त घेतात हे ऐकून होतो, त्यामुळे मी अधूनमधून त्यांच्या वाटचा समुद्र बघून घेत होते.

संध्याकाळी गार्डसाहेब चहा पीत बसले तेवढ्यात आम्ही दोघी निसटलो. सासूबाई सुती लुगडं नेसून, वर शाल घेऊन. पूल लांबलचक होता, एका टोकाला कडाच दिसत नव्हती, पाणी तसंच पुढे समुद्रात गेल्यासारखं वाटायचं. सासूबाई काठावर बसल्या आणि हात बुडवला. चेहरा असा झाला की काय सांगू. हरवलेली म्हैस घरी यावी तसा.

तेवढ्यात शिट्टी वाजली. लाइफगार्ड म्हणून एक मिशीवाला, रुंद खांद्यांचा, चाळिशीतला गृहस्थ होता. अदबीने म्हणाला, "माताजी, कॉस्ट्यूम जरूरी है. साडी में अलाउ नहीं है."

"मी काही काढून नाही राहिली, बाबा. सगळं झाकून जाईन."

"वो ही तो, माताजी. ढका हुआ नहीं चलता."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या आयुष्यात बाईला झाकलंय म्हणून अडवलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

गार्डसाहेब धावतच आले. "काहून तमाशा करून राहिल्या तुम्ही दोघी? लोक पाहून राहिले." त्यांनी आईची समजूत घालायला सुरुवात केली. खोलीत एवढा मोठा टब आहे, त्यात पाणी भरतो, पाय सोडून बस.

"टबात?" सासूबाई म्हणाल्या. "मी काय डबक्यातली म्हैस आहे?"

मग मॅनेजर आला. तरुण, कोट घातलेला, गोड बोलणारा. त्याने समजावलं. सुती कापडाचे धागे सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. रंग जातो. आणि मुख्य म्हणजे सैल कापड पायात गुंततं, माणूस बुडू शकतो. खरं सांगायचं तर यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण तो जे काही बोलला ते गार्डसाहेबांना आणि मला उद्देशून. ज्यांना पोहायचं होतं त्यांच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, आणि याचाच मला राग आला.

राग आला की माझा आवाज आपोआप रंगमंचावरचा होतो. मी एक पाऊल पुढे टाकलं, हात उचलला आणि हिंदीत सुरू केलं. आमच्या घरात भिंतीवर ज्यांचा फोटो आहे त्यांनी एका तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, आणि त्या दिवसापासून आम्हाला पाण्यावरून कोणी हटकलेलं आम्ही...

"तू थांब," सासूबाई म्हणाल्या.

मी थांबले. हात वरच राहिला.

"त्या पाण्याशी याची बरोबरी नको लावू. तिथं त्यांले माणूस नको होता. इथं यांले लुगडं नको आहे. मले फरक समजते." मग मॅनेजरकडे वळून त्यांनी त्यांच्या हिंदीत शांतपणे विचारलं, "सूती नहीं चलता?"

"नहीं, माताजी."

"ढीला नहीं चलता?"

"जी नहीं. सिंथेटिक होना चाहिए, फिटिंग का. हमारी दुकान में मिल जाएगा."

"हव," सासूबाई म्हणाल्या, आणि माझा हात धरून उठल्या.

दुकानात जाऊन आलो. तिथल्या मुलीने एक कपडा दाखवला तो सासूबाईंनी दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. "यात माझी एक बाही बसंल," म्हणाल्या. दुसरा पूर्ण अंगभर होता, काळा, गळ्यापासून घोट्यापर्यंत. तो त्यांच्या मापाचा नव्हता. त्या मुलीने दुःखी चेहरा केला आणि आम्ही परत खोलीत आलो. सासूबाई पलंगावर बसल्या. वाटलं, आता गप्प होतील.

"तुझी ती जांभळी साडी दे," त्या म्हणाल्या.

जांभळी साडी मी रात्रीच्या जेवणासाठी आणली होती. मुलीने घेतलेली, पॉलिएस्टर, डाग पडत नाही, चुरगळत नाही, नुसती सळसळते. ती नेसून त्या झुंबराखालच्या जिन्यावरून उतरायचा माझा बेत होता. कसं उतरायचं हे मी आरशासमोर करूनही पाहिलं होतं.

"ती कशाला?"

"सिंथेटिक म्हणाला ना थो. आणि फिटिंगची तू शिव. नाटकाचे कपडे तूच शिवतं ना?"

मी सुई-दोरा घेऊनच प्रवास करते. नाटकवाल्यांना ही सवय असतेच. साडीला मध्ये कासोटा घालून पोटऱ्यांपर्यंत घट्ट काष्टा नेसवला, घोट्याकडे काही लोंबू दिलं नाही. पदर कमरेभोवती दोनदा फिरवून टाक्यांनी पक्का केला. शिवाजीच्या मावळ्याचे कपडे मी याहून कमी कष्टात शिवले आहेत. गार्डसाहेब दाराशी उभे राहून पाहत होते.

"आई, त्यांचा नियम आहे."

"मी नियमातच जाऊन राहिली."

"अगं, उद्या दुसरं काही काढतील."

"काढू दे. त्यांचं काम आहे थे. माझं काम पोहणं आहे."

मी जुना ड्रेस घालून जेवायला गेले. जिन्यावरून उतरताना कोणीही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुलावर पोचलो तेव्हा लोक नाश्त्याच्या प्लेटा घेऊन बाजूच्या टेबलांवर बसत होते. लाइफगार्डने सासूबाईंकडे पाहिलं. वरून खाली, खालून वर. कापड बोटांनी चाचपलं.

"सिंथेटिक," मी म्हटलं. "फिटिंग का. मॅनेजर साहब ने खुद बोला."

त्याने डोकं खाजवलं. चूक सापडत नव्हती आणि बरोबरही वाटत नव्हतं. त्याने मॅनेजरला फोन लावला. फोन वाजत होता तेवढ्यात सासूबाई शिडी धरून उलट्या पावलांनी उतरायला लागल्या. प्रत्येक पायरीला चेहरा आवळत होता. मग कंबर पाण्यात गेली आणि चेहरा सुटला. अगदी दिसण्याइतका सुटला. पाणी छातीला लागलं तशा त्या उभ्या राहिल्या. भिंत न धरता. मी काठावर बसले होते, मला वाटलं आता मारतील हात. पण त्या उभ्याच.

"काय झालं आई?"

"फुगा नाही तं सुटू कशी?"

आणि त्यांनी कमरेला हात घातला. माझे टाके, दुहेरी दोऱ्याचे, मंडळाच्या प्रत्येक प्रयोगात टिकलेले, एका झटक्यात कडाकडा तुटले. जांभळा पदर मोकळा झाला, हवेत गेला, झपकन पाण्यावर आला आणि टम्म फुगला. सुती पदर कधी एवढा फुगला नव्हता. मोठ्या कलिंगडाएवढा, सकाळच्या उन्हात चमकणारा. सासूबाई तो पोटाशी धरून उताण्या झाल्या, पायांनी पाणी लोटलं आणि निघाल्या. सरळ खोल बाजूला.

लाइफगार्डने वर पाहिलं. त्याला काय दिसलं असेल ते मी समजू शकते. एक म्हातारी उताणी, तोंड आकाशाकडे, पोट फुगलेलं. त्याने फोन फेकला आणि उडी मारली. चांगली मारली, हे म्हणायला हवं. तिच्या काखेत हात घालून त्याने तिला मागे ओढलं, शिकवल्याप्रमाणे. मूठ सुटली, फुग्यातली हवा बुडबुड करत गेली आणि दोघंही पाण्याखाली. मला पोहता येत नाही, हे मी सांगायचं राहिलं.

आधी सासूबाई वर आल्या. मग मिशी वर आली.

"सोड मले. तू काहून आला?"

"माताजी, आप डूब रही थीं."

"डुबत असते तं तुझ्याशी बोलली असती? चांगली होती मी. माझा फुगा फोडला यानं."

आणि त्याला तिथेच सोडून त्या फुग्याशिवाय, हात मारत, पाय मारत, थोड्या कुत्र्यासारख्या, थोड्या बदकासारख्या, त्या कडा नसलेल्या टोकाला जाऊन पोचल्या. फुगा नुसता सुटायला लागतो, हे मलाही तेव्हाच कळलं. पुढचं येतंच.

मॅनेजर धापा टाकत आला. कोटाचं एक बटण चुकलेलं. "माताजी, प्लीज बाहर आइए."

"इकडे येऊन सांग, ऐकू नाही येत," सासूबाई त्या टोकावरून ओरडल्या. त्यांना दोन खोल्यांपलीकडचा फोन ऐकू येतो. मॅनेजर पूर्ण वळसा घालून त्या टोकाला गेला. तोवर सासूबाई या टोकाला निघालेल्या. तो या टोकाला आला तर त्या मधोमध. टेबलावरच्या एका बाईने हातातला टोस्ट तसाच ठेवला. मी काठावर बसून आनंदाने नुसती वेडी झाले होते, आणि ते लपवण्याचा मी काही प्रयत्न केला नाही.

गार्डसाहेब आले. चेहऱ्यावर माफी आधीच तयार होती, मला ती लांबून ओळखू येते. मॅनेजर त्यांच्याकडे वळला आणि कुजबुजत म्हणाला, "सर, आप समझदार हैं. इनको समझाइए. ये होटल का पूल है, गाँव का तालाब नहीं."

गार्डसाहेबांनी पाण्याकडे पाहिलं. मग जे बोलले ते हळू बोलले नाहीत.

"लिखित में दीजिए."

"जी?"

"मेमो दीजिए. किसने रोका, किस नियम में रोका, कितने बजे रोका. नीचे दस्तखत. पूरी नौकरी में मैंने बिना मेमो के गाडी नहीं रोकी. माँ को कैसे रोकूँ?"

"सर, इसमें लिखने की क्या..."

"तो चलने दीजिए."

मॅनेजरने लाइफगार्डकडे पाहिलं. लाइफगार्ड मिशी पिळत पाणी काढत होता आणि दुसरीकडेच बघत होता. मॅनेजर "मैं लाता हूँ" म्हणून गेला. गार्डसाहेब हात मागे बांधून पुलाच्या काठाने चालायला लागले, जसे प्लॅटफॉर्मवर गाडी सुटायच्या आधी चालायचे. सासूबाई ज्या बाजूला, ते त्या बाजूला.

"खोल किती आहे आई तिथं?" त्यांनी विचारलं.

"पाय नाही लागत."

"आपल्या तलावाइतकं?"

"थे अजून होतं. पण हे बरं आहे."

मेमो आला नाही. सासूबाईंना हवं तेवढ्या त्या पोहल्या. मग स्वतःहून शिडीपाशी आल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवताना पुन्हा चेहरा आवळला. शिडीच्या वर दोघं हात पुढे करून उभे होते, गार्डसाहेब आणि तो मिशीवाला. त्यांनी दोघांचेही धरले.

आता मला रायपूरला लोक विचारतात, का हो, नियम तर बरोबरच होता ना? मंडळातल्या एका शिकलेल्या बाईंनी तर मला फिल्टर कसा बिघडतो हे अर्धा तास समजावलं. मी म्हटलं, बरोबर होता. मग? नियम बरोबर असला म्हणजे आपण लगेच खाली मान घालून खोलीत जायचं, असं कुठे आहे? त्याने एकदा सासूबाईंना विचारलं असतं, माताजी, तुम्हाला पोहता येतं का, तर एवढं काही झालंच नसतं. त्याने विचारलं नाही. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की साडीतली म्हातारी म्हणजे बुडणारी म्हातारी. माझी एक चांगली जांभळी साडी त्यात गेली, तिच्या पदराचं काही राहिलं नाही, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाही. फक्त तो जिना राहिला.

पण गोष्ट इथे संपत नाही.

तिसऱ्या दिवशी, निघायच्या दिवशी, सकाळी आम्ही पुलावर गेलो तर नवा बोर्ड. रात्रीतून केलेला असणार, रंगाचा वास येत होता. आधीचा फक्त इंग्रजीत होता. हा हिंदीत, ठळक. सासूबाईंनी विचारलं काय लिहिलं आहे. गार्डसाहेबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "साडी, धोती, लुंगी अथवा अन्य पारंपरिक वस्त्र पहनकर पूल में प्रवेश वर्जित है. आज्ञा से."

"हे माझ्यासाठी लावलं?"

"हव आई. तुझ्याचसाठी."

सासूबाईंनी बोर्ड पाहिला. त्याच्या अक्षरांवरून हात फिरवला, हाताला थोडा ओला रंग लागला. मला भीती वाटली की वाईट वाटून घेतात की काय.

"लिहून दिलं म्हणजे त्यांनी," त्या म्हणाल्या. "परवा तं माझ्याकडे पाहायलेच तयार नव्हते. काढ माझा फोटो."

बोर्डाशेजारी उभं करून मी त्यांचा फोटो काढला. दोन काढले. एकात त्या हसताहेत आणि दुसऱ्यात मुद्दाम गंभीर झाल्या आहेत, पुढाऱ्यासारख्या. मग त्या गार्डसाहेबांकडे वळल्या.

"बाबू, परत वाच. काय काय नाही चालत?"

"साडी. धोती. लुंगी. पारंपरिक वस्त्र."

"तुझी ही पँट यात येते काय?"

गार्डसाहेबांनी खाली पाहिलं. सकाळी फिरायला जायची निळी ट्रॅकपँट, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. सिंथेटिक. फिटिंगची.

"आई, ही माझी एकच आहे."

"मग काय झालं? काढ."

आम्ही खोलीत गेलो आणि आलो. सासूबाई ट्रॅकपँट आणि वर मुलीने दिलेला चकचकीत खेळाचा टी-शर्ट घालून, पट्टेवाल्या पायांनी, माझा खांदा धरून. मिशीवाल्याने बोर्ड वाचला. पँट पाहिली. पुन्हा बोर्ड वाचला. मग बाजूला सरकला आणि शिडीशी जाऊन उभा राहिला. "माताजी," म्हणाला, "गुब्बारा नहीं."

"हव," सासूबाई म्हणाल्या.

पण त्या पँटच्या पायांतच हवा कोंडली, दोन्ही गुडघ्यांवर एकेक निळी पुरी फुगली, आणि त्यांना काहीच करावं लागलं नाही. त्या आपोआप सुटल्या.

गार्डसाहेब काठावर उभे होते, लुंगीत. बाकीचे कपडे बांधून बॅगा खाली गेल्या होत्या, दुसरं काही उरलंच नव्हतं. त्या सगळ्या गोऱ्यागोमट्या, कुजबुजणाऱ्या, टोस्ट खाणाऱ्या माणसांत, चौकड्याच्या लुंगीत, बरोबर त्या बोर्डाखाली, हात मागे बांधून. मॅनेजर लांबून त्यांच्याकडे पाहत होता. पण मनाई पाण्यातल्या लुंगीला होती, काठावरच्या नाही.

"उद्या सकाळी काय लिहितील रे?" सासूबाईंनी खोल पाण्यातून विचारलं.

"पँट लिहितील."

"आणि आपण?"

"आपण उद्या रायपुरात, आई."

"मग लिहू दे," त्या म्हणाल्या आणि पाठीवर वळल्या.